रोलर कोस्टरची पहिली फेरी आणि आमच्या दाराची चौकट

कतारला निघालेली कुणीही बाई मला भेटली की मी तिला आधी एकच सांगते, खसखस नेऊ नका. तिकडे ती अमली पदार्थांत धरतात. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात ती असतेच, म्हणून मी निघायच्या आधी खसखशीशिवायचा मसाला वेगळा करून घेतला. मसाला कुटणारी डंकावाली माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी बिनमिठाचं लोणचं मागितलंय. पण विमानतळावर आमची बॅग उघडली, मसाल्याची पिशवी उलटीसुलटी करून परत ठेवली आणि आम्हाला सोडलं, तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं बाई!

आता सुरुवातीपासून सांगते. मी विट्याजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका. आमचे हे, म्हणजे दिलीप, फिटर. आमची पल्लवी नुकती चालायला लागली होती तेव्हा ते दोह्याला गेले. दोन वर्षांनी एकदा रजेवर येणार, कौलं शाकारणार, नातेवाइकांकडे जेवणं करणार, आणि घरात जरा रुळले की परत निघणार. ज्या वर्षाअखेरीस दोह्यात एशियाड व्हायचं होतं, त्या वर्षी ह्यांना फोरमन केलं. पगार व्हिसाच्या अटीत बसला आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा दोघींना महिनाभराचा व्हिजिट व्हिसा मिळाला.

पण आम्ही निघालो ते दोहा बघायला नव्हे. आम्ही निघालो रोलर कोस्टरमध्ये बसायला.

एका मोठ्या मॉलच्या पोटात नवीन थीम पार्क उभं राहत होतं आणि तिथल्या रोलर कोस्टरच्या जोडणीवर हे होते. वर्षभर दर शुक्रवारच्या फोनवर दुसरा विषय नाही. आज खांब उभे केले, आज रूळ जोडले, आज डबे आले. "पल्लवी, तुला पहिल्या डब्यात बसवणार," हे ठरलेलं वाक्य. अट एकच, उंची एकशेतीस सेंटीमीटर पाहिजे. झालं! आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, काम मिळालं. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पल्लवीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्याच. पहिली ह्यांनी जाताना मारलेली, पुढच्या आबांनी. आता आबा दर महिन्याला टेप घेऊन बसायचे आणि फोनवर आकडा सांगायचे. होळीच्या सुमारास ते फोनमध्ये ओरडलेच, "दिल्या, बसली रं पोरगी!" दुसऱ्या दिवशी पल्लवीने अख्ख्या वर्गाला ही बातमी सांगितली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पल्लवी नऊ वर्षांची, आणि तिच्या लेखी बाप म्हणजे शुक्रवारचा फोन. ती त्यांच्याशी थेट बोलायचीच नाही. "आई, त्यांना विचार, डबे कुठल्या रंगाचे आहेत?" रिसीव्हर हिच्याच कानाला आणि सांगायचं मला. बाबा म्हणून एकदाही हाक मारली नव्हती. हे कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण मला कळत होतं. त्या माणसाने सगळी आशा त्या रोलर कोस्टरला टांगली होती. एकदा पोरगी त्यात बसली की आपली होईल, असा साधा हिशेब.

विट्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई आणि तिथून विमान. साडेतीन-चार तासांत दोहा. घड्याळ अडीच तास मागे घ्यायचं. विमानाच्या दारात पाऊल ठेवलं आणि तापल्या तव्यावर तोंड धरल्यागत झालं. मे महिन्यात जाणार असाल तर दुपारी बारा ते चार घरात बसायची तयारी ठेवा आणि एक स्वेटर न्या. हो, स्वेटर! मॉलमध्ये इतका एसी असतो की दात वाजतात.

विमानतळाबाहेर हे उभे होते. नवीन शर्ट, त्याच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. पल्लवी माझ्या पदरामागे. ह्यांनी हात पुढे केला, तर तिने बक्षीस समारंभात पाहुण्यांशी करतात तसं शेकहँड केलं. मला हसू आवरेना. ह्यांना आवरलं, कारण आलंच नव्हतं.

आम्ही उतरलो दोह्यातल्या मदिनत खलिफा भागात, रफिकभाईंच्या घरी. रफिकभाई कोकणातल्या खेड तालुक्यातले, एका कंपनीत क्लार्क. ह्यांची त्यांची ओळख मासळी घेताना झालेली. दोघं एकाच पापलेटावर घासाघीस करत होते आणि दोघांच्याही तोंडून मराठी शिवी गेली. तेव्हापासून दोस्ती. त्यांनी एक खोली आम्हाला दिली आणि हमिदाभाभींनी पहिल्याच दिवशी बजावलं, "अगो सुनंदा, इथं पाव्हणी म्हणून बसायचं न्हाय हां. चपात्या तू, मासळी मी." त्यांच्या मुलीला, सनाला, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. पल्लवीला इंग्रजी कळायचं नाही, पण उत्तर मराठीत. दोघींचं छान जमलं.

आणि मग सुरू झालं वाट बघणं. आम्ही पोचलो त्याच आठवड्यात गाडी सुरू होणार होती. पण रोलर कोस्टर म्हणजे जत्रेतला पाळणा नव्हे, ठोकला आणि फिरवला. आधी रिकामी पळवतात. मग माणसांच्या जागी वाळूची पोती बांधून पळवतात. मग थांबवून बघतात, अर्ध्यात अडकवून बघतात, दिवे घालवून बघतात. बाहेरून आलेला तपासनीस गोरा साहेब प्रत्येक वेळी काहीतरी काढायचा. हे संध्याकाळी आले की पल्लवी दारातच उभी.

"आई, त्यांना विचार, झाली का?"

"इन्शाल्ला रविवारी," हे म्हणायचे.

रविवारी विचारलं की इन्शाल्ला बुधवारी. ‘देवाची इच्छा असेल तर’ म्हणायचा तिकडचा तो शब्द पोरीला पाठ झाला. एकदा मी म्हटलं, "दूध पी," तर म्हणते कशी, "इन्शाल्ला." रफिकभाई हसून हसून सोफ्यावर आडवे झाले.

तोवर आम्ही फिरून घेतलं. संध्याकाळी कॉर्निशला जा, समुद्राच्या कडेने लांबलचक फरसबंद वाट आहे, वारा मिळतो. एक रियालचा करक चहा प्या. आपल्या उकळलेल्या चहासारखाच, वेलचीचा, फक्त दूध डब्यातलं. तेव्हा एशियाडसाठी सगळं शहर खणून ठेवलं होतं. टॅक्सीवाला रोज नव्या रस्त्याने न्यायचा आणि रोज रस्त्यालाच शिव्या द्यायचा. शुक्रवारी सकाळी बाहेर पडायच्या भानगडीत पडू नका, नमाज होईपर्यंत दुकानं बंद. आम्ही मात्र एका शुक्रवारी दुपारनंतर रफिकभाईंच्या गाडीतून उत्तरेला अल रुवैसला गेलो. शहरातून तासाभराचा रस्ता, सरळ म्हणजे किती सरळ! वळणच नाही. ह्यांना झोप लागली. अल रुवैस म्हणजे छोटं बंदर, लाकडी होड्या, जाळी वाळत घातलेली. रफिकभाई तिथे गेले की त्यांचा आवाजच बदलतो. हमूर घेताना मासे विकणाऱ्याला म्हणाले, "अरे, आमच्या खाडीतला मासा बघशील तर हा फेकून देशील." आणि तरी दोन किलो घेतला. पाणी बघून पल्लवीने चपला काढल्या आणि हे तिच्यामागे चालत राहिले, चार हात अंतर ठेवून. ती थांबली की हे थांबायचे. मला ते बघवेना, म्हणून मी शिंपले वेचायला लागले.

एका संध्याकाळी हे आले आणि पिशवीतून नारळ काढून ओट्यावर ठेवला.

"हा माझाच नारळ!" भाभी म्हणाल्या. "दोन दिवस शोधते आहे."

मग ह्यांनी कबूल केलं. आमच्याकडे नवीन मोटर बसवली, साधी पिठाची चक्की लावली, तरी नारळ फोडल्याशिवाय बटण दाबत नाहीत. पण तिथे कुठे फोडणार? रुळांवर पाणी सांडलं तर साहेब ह्यांनाच फोडेल. म्हणून ह्या फोरमनने भाभींच्या टोपलीतला नारळ नेला, वाळूच्या पोत्यात मधोमध घातला, पोत्याचं तोंड शिवलं आणि पोतं पहिल्या डब्यात बांधून टाकलं. दोन दिवस तो नारळ वर-खाली, उलटसुलट वळणांवरून फिरत होता.

"बघा," हे नारळ कानाशी हलवत म्हणाले, "पाणी आहे तसं. एक तडा नाही. माझ्या पोरीला काय होतंय!"

"मग आता फोडा," रफिकभाई म्हणाले. "सफर झाली ना त्याची? यल्ला, चला!"

नारळ फोडला. निम्म्याची भाभींनी हमूरची आमटी केली, निम्म्याची मी चटणी. माझ्या खसखस नसलेल्या मसाल्याला त्या दिवशी सगळ्यांनी दाद दिली, हेही नोंदवून ठेवते.

आमची परतीची तिकिटं तीन दिवसांवर आली तरी साहेबाची सही नाही. पल्लवीने विचारायचं बंद केलं होतं. हे तर जेवताना मान वर करत नव्हते. आणि मग दुपारी ह्यांचा फोन. "सही झाली! उद्या स्टाफच्या घरच्यांना बोलावलंय. तयार राहा." पार्क उघडायच्या आधी रांगा, दारं, सूचना सगळ्याची रंगीत तालीम घेतात, त्यासाठी आपलीच माणसं बोलावतात. तिकीट नाही. मी पंजाबी ड्रेस घातला, कारण साडी चालणार नव्हती. पल्लवीने दोन वेण्या घट्ट बांधून घेतल्या. रिबिनीसुद्धा लाल, डबे लाल होते म्हणून.

रोलर कोस्टर मी पहिल्यांदाच बघत होते. खालून बघितलं की रूळ छताला टेकतात असं वाटतं. दाराशी एक लाकडी उंट होता, त्याच्या पाठीच्या उंचीवर लाल पट्टी. तिथे उभी असलेली फिलिपिनो मुलगी गोड हसली आणि पल्लवीला उंटाशेजारी उभं केलं.

डोकं पट्टीच्या खाली. थोडंथोडकं नाही, चांगलं चार बोटं खाली.

"सरळ उभी राहा, बाळा," हे म्हणाले. ती सरळच होती. "मान वर कर." केली. ह्यांनी खिशातून स्वतःचा टेप काढला. परत मोजलं. परत मोजलं. चेहरा उतरला. ती मुलगी ह्यांच्याकडे बघत राहिली, कारण फोरमन हेच. हे म्हणाले असते तर तिने सोडलं असतं.

माझ्या मनात आलं, सोडा ना हो! एकच तर फेरी. वर्षभर पोरगी वाट बघतीय. पण हे तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. "नाही बसवू शकत, पल्लवी. मांडीवर येणारा दांडा तुझ्या अंगाला धरणार नाही. तो मीच लावलाय, मला माहीत आहे."

पल्लवी उंटापासून बाजूला झाली. आणि महिन्याभरात पहिल्यांदा ती सरळ त्यांच्या तोंडाकडे बघून बोलली, "पण आबांनी मोजलं होतं! रेघेवर बसले होते मी! दर वेळी उंबऱ्यावर ताठ उभी राहत होते!"

"कशावर?" हे म्हणाले.

"उंबऱ्यावर. आबा म्हणतात, तुझ्या बापानं पहिली रेघ तशीच मारलीय, मग पुढच्या पण तशाच मारायच्या."

आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा जुना, चांगला चार बोटं उंच. पोर त्याच्यावर उभी आणि आबांचा टेप खाली जमिनीपासून! अहो, मी त्या घरात रोज भाकऱ्या थापते, माझ्या कधी डोक्यात आलं नाही. ह्यांनी कपाळावर हात मारला. "मीच गं मीच! तू तेव्हा एका जागी ठरत नव्हतीस. जमिनीवर सोडली की अंगणात पळायचीस. म्हणून उंबऱ्यावर उभी केली होती, म्हटलं पडायच्या भीतीनं तरी उभी राहील." दिवसभर मिलीमीटरच्या गोष्टी करणारा माणूस तो! मी हसायला लागले आणि हसता हसता मला रडू यायला लागलं, कारण ह्यांचे डोळे भरले होते. वर्षभराचं वचन त्यांच्याच एका पेन्सिलीच्या रेघेने मोडलं होतं.

पल्लवी त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, त्यांना सांग, मग त्यांनी बसायचं. आपल्या घरातलं कुणीतरी पहिल्या डब्यात पाहिजे."

आता एक गुपित. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत हे माझ्याबरोबर पाळण्यात बसले होते आणि उतरल्यावर तासभर पारावर डोकं धरून बसून होते. ह्या रोलर कोस्टरचे बोल्ट उंचावर चढून त्यांनी आवळले, पण पट्टा बांधून त्यात बसायची वेळ आली की दर वेळी त्यांना कुठलंतरी काम निघायचं. मी हे पक्कं ओळखून होते.

"मला इथं मेंटेनन्सला थांबायला लागतं," हे म्हणाले.

पल्लवीने त्यांना खालून वर बघितलं. "तुम्ही घाबरता?"

ह्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकला. "हो," म्हणाले. "लई घाबरतो."

"मी पण," पल्लवी हळूच म्हणाली. "मी पण लई घाबरले होते. पण वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं ना."

बापलेक एकमेकांकडे बघायला लागले. आणि मग कार्टी खुदकन हसली! "बसा तुम्ही. मी इथं कठड्यापाशी उभी आहे."

आता पोरीने सांगितल्यावर काय बिशाद नाही म्हणायची? पहिल्या डब्यात आम्ही दोघं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, बरं का! दांडा मांडीवर आला. कटकट कटकट करत गाडी वर चढायला लागली. ह्यांनी दांडा सोडून माझं मनगट धरलं आणि डोळे मिटून घेतले. मॉलची दुकानं खाली गेली, माणसं बाहुल्यांएवढी झाली. अगदी टोकाला गाडी क्षणभर रेंगाळली आणि खालून आवाज आला, तिच्या वर्गात कविता म्हणायच्या आवाजात.

"बाबाऽऽ! डोळे उघडा!"

ह्यांनी डोळे उघडले. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मी ओरडत होते. हे "आई गंऽऽ" म्हणून जे सुरू झाले ते शेवटच्या वळणापर्यंत. एका वळणावर कठड्यापाशी लाल रिबिनी उड्या मारताना दिसल्या, दुसऱ्या वळणावर परत दिसल्या. मग ब्रेक, आणि खलास. दोन मिनिटांचा मामला. त्यासाठी वर्षभर वाट!

उतरल्यावर ह्यांनी आधी कठडा धरला. पल्लवी पळत आली, त्यांचं बोट धरलं आणि एखाद्या म्हाताऱ्याला न्यावं तसं बाकापर्यंत नेलं.

"पाणी पाहिजे का, बाबा?"

"पाहिजे," हे म्हणाले. तिने आणलेली अख्खी बाटली त्यांनी संपवली. त्यांना तहान नव्हती, मला माहीत आहे.

उरलेले दोन दिवस ती त्यांच्या पाठीवर, खांद्यावर, मांडीवर. विमानतळावर शेकहँड झालं नाही. काय झालं ते लिहीत नाही, ज्यांची माणसं तिकडे आहेत त्यांना ठाऊक आहे. हमिदाभाभींनी बॅगेत खजूर भरले आणि माझा उरलेला मसाला ठेवून घेतला.

कतारला जावं का, असं मला अजून विचारतात. जा की. समुद्र छान, रस्ते छान, माणसं आपली भेटतात. पार्क नंतर सगळ्यांना खुलं झालं, मुलांना न्या, पण घरून निघताना उंची जमिनीवर उभं करून मोजा.

घरी आलो तर आबा टेप घेऊन तयार. झालेला घोळ ऐकून ते एवढे ओशाळले की चहा घेईनात. मग म्हणाले, "ये गं, आता नीट मोजू. खाली उभी राहा." त्यांनी पेन्सिल पुढे केली. पल्लवी चौकटीपाशी गेली, रेघांवरून हात फिरवला, सगळ्यांत खालच्या रेघेशी थांबली आणि पेन्सिल आबांच्या हातातून काढून घेतली.

शुक्रवारी फोन आला तेव्हा तिनेच उचलला. मला काही सांगितलं नाही.

"बाबा, मी आता रेघ मारूनच घेणार नाही," म्हणाली. "पेन्सिल मी लपवून ठेवलीय. तुम्ही या, मग मारा."

पलीकडून ह्यांचा आवाज आला, एवढा मोठा की मला स्वयंपाकघरात ऐकू आला. "येतो दिवाळीला. रजा टाकतो."

"इन्शाल्ला नाही ना?" पल्लवीने विचारलं.

"नाही," हे म्हणाले. "येतो."